बायकार्बच्या कॅनमधलं विरजण

‘मॅडम, तुमचे निकष अमेरिकेतले. आमचा पेशंट एसटीनं येतो. त्याला डायलिसिस मिळतंय हेच खूप झालं.’

हे वाक्य मी ट्रस्टींच्या तोंडून ऐकलंय, केंद्र चालवणाऱ्या ठेकेदाराच्या तोंडून ऐकलंय आणि एकदा तर चांगल्या शिकलेल्या डॉक्टरांच्या तोंडूनही. जिल्ह्याच्या गावी माझी सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब आहे. आसपासच्या काही डायलिसिस केंद्रांतल्या पाण्याचे नमुने माझ्याकडे येतात. रिपोर्ट खराब गेला की आधी फोन येतो आणि फोनच्या शेवटी हे वाक्य. पलीकडच्याला अकराची शिफ्ट लावायची असते, त्यामुळे उत्तर नेहमी अर्धवट राहतं. ते आज पूर्ण करते.

त्या वाक्यात खरं आहे तेवढं आधी मान्य करते. तालुक्याला मशीन आलं म्हणून कितीतरी घरं वाचली. नाहीतर आठवड्यातून दोनदा पहाटेची गाडी, जिल्ह्याच्या दवाखान्यात नंबर, रात्री परत, आणि सोबतच्या माणसाचा रोज बुडाला तो वेगळाच. अशा ठिकाणी कुलूप लागावं असं मला एक दिवसही वाटलेलं नाही. निकषांची भाषा काढली की ‘मग काय केंद्र बंद करू?’ असं विचारलं जातं, म्हणून हे आधीच सांगून टाकलं. केंद्र बंद करा असं मी कुणाला म्हणालेले नाही. कॅन धुवा, एवढंच म्हणाले.

आता अमेरिकेचं. ज्या मानकाला आम्ही धरून चालतो ते आयएसओ २३५००, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचं मानक. आपलं भारतीय मानक ब्युरो त्या संघटनेचं सदस्य आहे. त्यात डायलिसिसच्या पाण्यासाठी मर्यादा आहे मिलिलिटरला जिवाणूंच्या १०० वसाहतींच्या आत, आणि ५० ला पोचलात की हातपाय हलवा असा इशारा. एंडोटॉक्सिन, म्हणजे काही जिवाणूंच्या कवचातलं विष, ०.२५ युनिटच्या आत. खुद्द अमेरिकेत पूर्वी पाण्याला २०० आणि तयार द्रवाला २,००० वसाहतींपर्यंत चालत असे. तो आकडा पुढे खाली आणावा लागला.

एसटीनं येणाऱ्या पेशंटचा हिशेबही करून पाहू. मशीनमधून मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वाहतो. चार तासांचे १२० लिटर. आठवड्यात दोन सेशन धरली तर वर्षाला बारा हजार लिटरच्या वर. तुमच्याआमच्या पोटात दिवसाला दोन-तीन लिटर पाणी जातं आणि तेही आतड्याच्या पहाऱ्यातून. इथे पाणी आणि रक्त यांच्यामध्ये केसाइतक्या बारीक पोकळ नळ्यांची एक जुडी, म्हणजे डायलायझर, बस. ज्याला दोनच सेशन परवडतात, ज्याचं हिमोग्लोबिन आधीच सात-आठवर आहे, त्याला वाईट पाणी जास्त सोसेल की कमी? गरिबाला कमी प्रतीचं चालतं हा हिशेब रेशनच्या गव्हातही चुकीचाच होता. इथे तर तो थेट रक्ताशी येऊन पोचतो.

यानंतरचं ठरलेलं उत्तर: ‘आमच्याकडे आरओ आहे.’ आणि मग भिंतीवरच्या मीटरकडे बोट. टीडीएस अमुक, बघा, दोन आकडीसुद्धा नाही.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. मीटर वीज किती वाहते ते बघतं आणि त्यावरून क्षार सांगतं. मिलिलिटरमध्ये लाखभर जिवाणू पोहत असले तरी त्या काट्याला पत्ता लागत नाही. त्यात आणखी एक गंमत आहे, म्हणजे आमच्या धंद्यातली गंमत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि क्लोरामाइन रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आरओच्या आधी कार्बनच्या टाकीत ते काढून टाकावंच लागतं. म्हणजे पाण्याचा राखणदार आपण आपल्या हातांनी रजेवर पाठवतो. तिथून पुढे टाकी, पंप, भिंतीतून फिरणारी लूपची पाइप, मशीनपर्यंतची नळी, या सगळ्या वाटेवर त्या पाण्याला कुणी वाली नसतो. बरं, इतक्या स्वच्छ पाण्यात जिवाणू खाणार काय, असं एका इंजिनिअरनं मला विचारलं होतं. प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर १९७१ मध्येच मिळालंय. अमेरिकेच्या सीडीसीतल्या मार्टिन फेवेरो आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की स्यूडोमोनास एरुजिनोसा नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात मिलिलिटरला लाखोंनी वाढतो. त्याला पंगत लागत नाही, उष्ट्यावर भागतं.

घरातला माठ आठवा. पाणी रोज बदलतो, तरी आठ दिवस घासला नाही तर आतून बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागतोच. डायलिसिसच्या पाइपला आतून तेच होतं. त्या बुळबुळीला बायोफिल्म म्हणतात. जिवाणू भिंतीला चिकटतात, स्वतःभोवती चिकट आवरण विणतात, आणि मग वरून औषध फिरवलं तरी तळाचे वाचतात. पाणी रात्रभर थांबलं की साय धरावी तसं हे वाढतं. म्हणून पाइपमध्ये आंधळी टोकं नकोत, पाणी फिरतं हवं आणि निर्जंतुकीकरण बुळबुळ दिसायच्या आधी हवं. तारखेनं हवं, तक्रारीनं नको. माठ आपण बुळबुळीत लागल्यावर घासतो. लूपमध्ये बोट घालायला जागाच नसते.

‘पण जिवाणू डायलायझरच्या पडद्यातून जातच नाहीत.’ अर्धं खरं. अख्खा जिवाणू जात नाही. त्याचे तुकडे जातात. हल्लीच्या हाय फ्लक्स डायलायझरमध्ये तर काही भागात द्रवाकडचा दाब रक्ताकडच्या दाबापेक्षा वरचढ होतो आणि द्रव उलटा रक्तात शिरतो. त्याच्याबरोबर जे विरघळलेलं असेल तेही शिरतं.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांना मी ब्राझीलमधल्या कारुआरू गावाची गोष्ट सांगते, कारण ती आपल्या मराठवाड्याला चपखल बसते. १९९६ चा फेब्रुवारी. दुष्काळ. डायलिसिसच्या दवाखान्याला जलाशयाचं पाणी टँकरनं येत होतं, धड शुद्ध न केलेलं. दवाखान्यात गाळण्या होत्या. १३१ पेशंटांपैकी ११६ जणांना डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, अशक्तपणा सुरू झाला. शंभरांची यकृतं निकामी झाली. त्या विषाच्या खात्यावर पुढे ५२ मृत्यू मांडले गेले. पाण्यात काय होतं? आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते, जे खरं तर जिवाणूच असतात, आणि त्यांचं मायक्रोसिस्टिन हे विष. जिवाणू पडद्याच्या अलीकडेच राहिले असतील, विष पलीकडे गेलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. ज्या भागात पाणी आज धरणाचं, उद्या बोअरचं आणि परवा कुठल्या विहिरीचं ते टँकरवाल्यालाच ठाऊक, तिथे ‘आरओ आहे ना’ म्हणून झोप लागते कशी, हे मला खरंच कळत नाही.

आता थंडी वाजण्याचं बोलू. ‘इतकी वर्षं झाली, आमच्याकडे कुणाला काही झालं नाही.’ मी एका केंद्रात पाण्याचे नमुने घ्यायला गेले होते. नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. सेशन सुरू होऊन तास झाला असेल, खिडकीजवळच्या आजोबांचे दात वाजायला लागले. अंग पलंगासकट हलत होतं. सिस्टरांनी सवयीच्या हातानं घोंगडी टाकली, ॲव्हिल आणि हायड्रोकॉर्ट दिलं, वीस मिनिटांत आजोबा शांत. फाइलवर लिहिलं, ‘रायगर, इंजेक्शन दिलं, आराम.’ सिस्टरांची चूक काहीच नाही, त्यांनी पेशंटला सांभाळलं. पण मी मागची पानं चाळली. त्या महिन्यात असे शेरे अकरा होते आणि पाण्याचा नमुना एकदाही घेतलेला नव्हता. घोंगड्या मात्र कोपऱ्यात नीट घडी घालून ठेवलेल्या, हाताशी.

थंडी वाजली म्हणजे पाणीच दोषी असं मी म्हणणार नाही. मानेत कॅथेटर असेल तर पहिला संशय त्याच्यावर, आणि आधी ब्लड कल्चर. पण कॅथेटरऐवजी हातात फिस्टुला असलेले पेशंट, एकाच शिफ्टला दोघं-तिघं, सुरू झाल्यावर तासाभरात, मशीनवरून उतरल्यावर बरे, असं चित्र दिसत असेल तर पाण्याकडे बघायलाच हवं. ‘काही झालं नाही’ आणि ‘काय झालं ते मोजलं नाही’ यातलं अंतर त्या अकरा शेऱ्यांत मावलेलं आहे.

शिवाय थंडी न वाजताही बरंच काही होत असतं. एंडोटॉक्सिनचे बारीक तुकडे थोडे थोडे रोज आत जात राहिले की शरीर सतत धुमसत राहतं. सीआरपी वाढतो, भूक जाते, रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. अतिशुद्ध द्रव वापरल्यावर दाह दाखवणारे घटक कमी होतात आणि त्या इंजेक्शनची गरज घटते, असं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलेलं आहे. इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं की त्यानं माणसं जास्त जगतात का, हे तितक्या ठामपणे सिद्ध नाही. जपानच्या नोंदवहीत कमी एंडोटॉक्सिन आणि कमी मृत्यू यांची सांगड दिसली, पण नोंदवहीतली सांगड म्हणजे कारण नव्हे. हा मुद्दा माझ्या तोंडावर फेकणारे काही हुशार लोक आहेत. त्यांना एकच विचारते. तुमच्या केंद्रातला वाद अतिशुद्ध द्रवाचा आहे का? तिथे १० मिलिलिटरमध्ये एक वसाहतही नको असते. तुम्ही अजून मिलिलिटरला १०० च्या आत आलात का तेवढं आधी बघू.

यावर मिळणारं उत्तर ऐकून मी सर्वांत जास्त चिडते. ‘बघितलंय की! दर महिन्याला कल्चर करतो. कायम निल येतं.’

असा एक ‘निल’ रिपोर्ट कसा जन्माला आला तो मी जवळून पाहिलाय. सोमवारी रात्री लूपमध्ये औषध फिरवलं. मंगळवारी सकाळी नमुना घेतला, म्हणजे वर्गखोली झाडून झाल्यावर इन्स्पेक्टरला बोलावलं. नमुना घ्यायचा असतो निर्जंतुकीकरणाच्या आधी, पाणी सर्वांत वाईट असेल तेव्हा. नळाचं तोंड ब्लीचनं पुसलं होतं. त्याचा अंश बाटलीत उतरला आणि जे काही जिवाणू होते ते वाटेतच मेले. तोंड स्पिरिटनं पुसायचं आणि ते उडून जाऊ द्यायचं असतं. बाटली युरिन कल्चरची. ती दुपारपर्यंत काउंटरवर राहिली, मग एका मोटारसायकलच्या डिकीतून भर उन्हात लॅबला आली. बर्फ नाही. लॅबमधल्या मुलानं युरिनला वापरतो तोच तारेचा लूप बुडवला, ब्लड अगारच्या प्लेटवर रेघा ओढल्या आणि ३७ अंशाला ठेवली. दोन दिवसांनी प्लेट कोरी. रिपोर्ट छापला: निल.

त्या तारेच्या लूपमध्ये पाणी मावतं मिलिलिटरचा हजारावा भाग. म्हणजे प्लेटवर एक वसाहत उगवली तर तिचा अर्थ मिलिलिटरला हजार. मर्यादा १०० ची. मिलिलिटरला पाचशे जिवाणू असलेलं पाणी, म्हणजे मर्यादेच्या पाचपट, या रीतीनं तपासलं तर दहातल्या सहा वेळा प्लेट कोरीच येणार. ही आकडेमोड बारावीचा मुलगा करून दाखवेल. मानकानं हा लूप आणि ब्लड अगार दोन्ही चालणार नाहीत असं लिहून ठेवलंय ते याचसाठी. पाण्यातले जिवाणू अर्धपोटी राहायला आणि गारव्याला सरावलेले. त्यांना उगवायला आर२ए सारखं हलकं माध्यम लागतं, १७ ते २३ अंश तापमान आणि सात दिवस. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये लॅबची खोलीच चाळिशीत जाते, तेव्हा गार राहणारा बीओडी इन्क्युबेटर लागतो. तो नसेल तर ज्या लॅबकडे आहे तिकडे नमुना बर्फात पाठवा, २४ तासांच्या आत लागेल असा. पण ‘निल’ लिहू नका. माझ्या धंद्यातल्या मंडळींना मी हे मुद्दाम सांगतेय. केंद्रचालकाला ज्ञान नसेल, आपल्याला आहे. आपल्या कोऱ्या प्लेटा फाइलला लावूनच तो मला फोनवर ऐकवतो.

शीर्षकातल्या विरजणाकडे येते. डायलिसिसचा द्रव पाणी, पार्ट ए आणि पार्ट बी असा तिघांचा मिळून होतो. पार्ट ए आम्ल आणि खारट, त्यात सहसा काही जगत नाही. पार्ट बी म्हणजे बायकार्ब. हे जिवाणूंचं आवडतं घर. कित्येक केंद्रांत पावडर पाण्यात ढवळून पांढऱ्या कॅनमध्ये भरतात. पहिल्या शिफ्टनंतर कॅनच्या तळाशी चार बोटं उरतं. टाकून द्यायला जीव होत नाही, पावडर मोजून येते. मग त्यातच नवं ओततात. संध्याकाळी उरलेल्यात सकाळचं.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आईची आठवण झाली. ती कालच्या दह्यातला चमचाभर मागे ठेवून त्यात कोमट दूध ओतायची. त्याला विरजण म्हणतात आणि सकाळी दही लागतं. बायकार्बच्या कॅनला विरजण लावलं की जे लागतं ते दह्यासारखं दिसत नाही, एवढाच फरक. द्रव स्वच्छ, पारदर्शक, वास नाही. मी एका कॅनचं झाकण उघडून आतल्या बाजूनं कापूस फिरवला तर तो निसरडा होऊन बाहेर आला. टेक्निशियन पोरगा खजील झाला, म्हणाला, ‘मॅडम, कुणी सांगितलंच नव्हतं.’ आणि ते खरं होतं. त्याला मशीन चालवायला शिकवलं होतं, फिस्टुलात सुई घालायला शिकवलं होतं. कॅन रात्री रिकामा करून, आरओच्या पाण्यानं खंगाळून उपडा वाळत घालायचा आणि सकाळी ताजं मिसळायचं, हे त्याच्या आजीनं घागरीच्या बाबतीत आयुष्यभर केलं असेल. शिळं पाणी आपल्याकडे सकाळी झाडाला जातं. डायलिसिसला मात्र चालतं.

आता पैशाचा मुद्दा, कारण सगळे वाद शेवटी तिथे येऊन बसतात. कॅन उपडा घालायला पैसे लागत नाहीत. त्यावर तारीख-वेळ लिहायला मार्कर लागतो. टाकीचं झाकण घट्ट लावणं, आंधळी पाइप कापून टाकणं, औषध फिरवताना भिंतीपासून मशीनपर्यंतची ती हातभर नळी न वगळणं (ती हमखास वगळली जाते), थंडीच्या प्रत्येक शेऱ्यासमोर मशीनचा नंबर लिहिणं, यांतलं काहीही आयात करावं लागत नाही. डायलायझर पुन्हा वापरणाऱ्यांना तर आणखी जपायला हवं, कारण ते ज्या पाण्यानं धुतात ते थेट रक्ताच्या बाजूला जातं. १९८२ मध्ये अमेरिकेत लुइझियानातल्या एका केंद्रात १४० पैकी २७ पेशंटांना क्षयाच्या जिवाणूच्या भाऊबंदांचा संसर्ग झाला. पाण्यात ते होते आणि डायलायझरमध्ये भरलेलं फॉर्मलिन त्यांना मारण्याइतकं तिखट नव्हतं.

एंडोटॉक्सिनची चाचणी महाग पडते, हे मान्य. घोड्याच्या नालेच्या आकाराच्या एका समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तापासून ती करतात, ओडिशाच्या किनाऱ्यावर तो आपल्याकडेही सापडतो. मशीनवरचा जादा फिल्टर महाग, गरम पाण्यानं निर्जंतुक होणारी यंत्रणा महाग. पण ही महागाई आहे म्हणून निकष सोडायचा की निकषासाठी पैसे मागायचे? जपाननं २०१० मध्ये सरकारी दरपत्रकातच पाण्याची शुद्धता राखणाऱ्या केंद्रांना जादा मोबदला लावून दिला. आपल्याकडे २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, त्याच्या मार्गदर्शक आराखड्यात जागा, वीज आणि पाणी सरकारचं, मशीन, आरओ आणि माणसं खासगी भागीदाराची. नमुना खराब आला की मी फोन कुणाला करायचा? दवाखाना म्हणतो आरओ त्यांचा, भागीदार म्हणतो पाणी त्यांचं. पैसे सेशन मोजून मिळतात, मग सेशनच मोजली जातात. पाण्याची चाचणी कशा रीतीनं झाली याचा कागद बिलाला जोडल्याशिवाय बिल निघणार नाही, एवढी एक अट घातली तर त्या तारेच्या लूपचं युग महिन्याभरात संपेल. राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत ही अट घालणं मुंबईत बसलेल्यांच्या हातात आहे, त्यासाठी अमेरिकेला विचारावं लागत नाही.

तोवर एक काम पेशंटच्या घरच्यांनी करावं. पुढच्या वेळी बाबांना किंवा वहिनींना घेऊन जाल तेव्हा मीटरवरचा आकडा विचारू नका. टेक्निशियनला बाजूला घेऊन, न भांडता, विचारा: बायकार्ब आजचं आहे का, कॅन रात्री रिकामा केला होता का, आणि शेवटचा कल्चर रिपोर्ट कुठाय. रिपोर्ट हातात आला की ‘निल’ वाचून परत देऊ नका. नमुना कोणत्या तारखेचा, माध्यम कोणतं आणि प्लेट किती दिवस ठेवली, ते त्यावर लिहिलंय का बघा.